कुत्र्याला पार्लरमध्ये सोडताना

कुत्र्याचं पार्लर म्हटलं की काही जणींना हसू येईल. पण ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत ही दुकानं आता नवी राहिली नाहीत. अंघोळ घालणं, केस कापणं, नखं काढणं, कान साफ करणं, या सगळ्याला ग्रूमिंग म्हणतात. आमच्या बचत गटातल्या काही जणी सोसायट्यांमध्ये घरकाम करतात. कुत्र्याला तिथे नेणं-आणणं त्यांच्याकडेच येतं. कुत्रा लंगडत परत आला की पहिला जाब त्यांनाच विचारला जातो. म्हणून आज हा विषय घेतला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका पेट क्लिनिकमध्ये चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला कर्मचारी मारतोय, असा व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोक संतापले, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मुकं जनावर सांगू शकत नाही, म्हणून व्हिडिओच त्याचा साक्षीदार झाला.

इजा दर वेळी मारानेच होते असं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. तोंड घट्ट बांधून गरम ड्रायरपुढे ठेवलं, तर उष्णता बाहेर पडत नाही आणि जीवावर बेतू शकतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका जास्त. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, नख खोल कापलं की रक्त येतं. पट्टा टेबलाला बांधून कुत्र्याला एकटं सोडलं आणि त्याने उडी मारली, तर गळफास बसू शकतो.

मग करायचं काय? कुत्रा दिसेल अशी काच किंवा कॅमेरा आहे का, ते आधी पाहा. ‘मालकाने आत यायचं नाही’ असं कुणी म्हटलं तर कारण विचारा. कुत्रा म्हातारा, आजारी किंवा घाबरट असेल तर तसं स्पष्ट सांगा. भूल किंवा गुंगीचं औषध जनावरांच्या डॉक्टरशिवाय कुणालाही देऊ देऊ नका. सोडताना आणि घेताना मोबाइलवर फोटो काढा, आणि पावती मालकिणीच्या नावाने घ्या. नेणाऱ्या बाईवर आळ येऊ नये म्हणूनही हे फोटो कामी येतात.

जखम दिसली तर आधी डॉक्टर गाठा आणि लेखी अहवाल घ्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये. जनावराला मारून टाकलं किंवा अपंग केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे देऊन सेवा घेतली म्हणजे आपण ग्राहकही आहोत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

शेवटी एकच सांगतो. रोजची अंघोळ-विंचरणी घरी जमते. जिथे पार्लर लागतंच, तिथे डोळे उघडे ठेवून जाऊ या. मैत्रिणींनो, जपून राहा आणि मुक्या जिवांनाही जपा.