विश्लेषण : जुन्या ‘सिटी व्हीटेक’ची घरच्या घरी देखभाल, दुरुस्ती कुठे संपते, फेरफार कुठे सुरू होतो?

गाडी दुपारभर उन्हात उभी आहे. किल्ली फिरवली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. मेकॅनिक पेट्रोल पंप बदलायला सांगतो. ऊन उतरल्यावर मात्र तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. नव्वदच्या दशकातील होंडा गाड्यांचे हे ओळखीचे दुखणे. डॅशबोर्डखाली बसवलेल्या छोट्याशा ‘मेन रिले’त त्याचे मूळ अनेकदा सापडते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातल्या सोल्डरच्या सांध्यांना केसाएवढे तडे जातात. गाडी तापली की सांधा सुटतो, निवली की पुन्हा जुळतो. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी पंपाची घरघर ऐकू आली नाही, तर संशय आधी या रिलेवर घ्यावा. रिले उघडून सांध्यांना नव्याने सोल्डर लावण्याचा खर्च नगण्य असतो.

जुन्या गाडीचे काम स्वतः करण्याकडे अनेकांचा ओढा असतो, तो अशाच अनुभवांमुळे. पण हातात पाना आला की दुरुस्तीवरून फेरफारावर घसरायला वेळ लागत नाही. आणि तो फेरफार शेवटी आरटीओच्या तपासणीत किंवा विम्याच्या दाव्यात समोर येतो.

हीच गाडी का?

होंडा सिटी भारतात १९९८ मध्ये आली आणि तिची १.५ लिटर ‘व्हीटेक’ आवृत्ती २००० मध्ये. १,४९३ सीसीच्या या इंजिनाची ताकद सुमारे १०६ अश्वशक्ती होती. हलक्या बांध्याच्या गाडीला ती त्या काळात भरपूर वाटे. २००३ मध्ये नवी सिटी आली, तीत हे इंजिन नव्हते. त्यामुळे जुनी ‘व्हीटेक’ हौशी चालकांनी आजवर जपून ठेवली आहे.

‘व्हीटेक’ची करामत तेलावर चालते. कमी वेगात इंजिनाचे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवरील लहान उंचवट्यांनुसार उघडतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यानुसार अधिक वेळ, अधिक खोल उघडू लागतात. इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी झेपावते. ऑइल कमी असेल, चुकीच्या घट्टपणाचे असेल किंवा सोलेनॉइडखालची बारीक जाळी गाळाने भरली असेल, तर ही पिन हलतच नाही. मालकाला वाटते इंजिन म्हातारे झाले. प्रत्यक्षात जाळी धुऊन गॅस्केट बदलले की काम होते. यासाठी फार तर एक रविवार पुरतो.

मग हरवलेला दम कसा परत आणायचा?

बहुतेक जुन्या गाड्यांत ताकद वाढवण्याआधी गळालेली ताकद परत मिळवायची असते. या इंजिनात व्हॉल्व्हमधील फट आपोआप जुळत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने मोजून ती स्क्रूने बसवावी लागते. कित्येक गाड्यांत हे काम वर्षानुवर्षे झालेलेच नसते. डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, प्लग, जुन्या वायरी, अर्धवट चिकटून राहणारे ब्रेक कॅलिपर, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यातला प्रत्येक जण थोडी थोडी ताकद खातो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदललेलेच बरे. पाणी मुरलेले ब्रेक ऑइल घाट उतरताना उकळते आणि पेडल थेट तळाला जाते.

टायमिंग बेल्ट मात्र अननुभवी हातांचे काम नव्हे. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा चुकीच्या दातावर बसला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. शिवाय बहुतेक इंजिने समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतात, तर होंडाची त्या काळातील ही इंजिने उलटी फिरतात. बेल्टला ताण देताना सवयीने उलट्या दिशेने इंजिन फिरवणारा चुकतोच. गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये. सपाट जमीन आणि जॅक स्टँड या दोन गोष्टींना पर्याय नाही.

लोकप्रिय ‘मॉडिफिकेशन’ काय साधतात?

सर्वात स्वस्त आणि सर्वात फसवा बदल म्हणजे उघडा एअर फिल्टर. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्याचा भास होतो. पण कंपनीची बंद पेटी बाहेरची थंड हवा आणते, तर उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो. थंड हवेच्या हौसेने तोच फिल्टर बंपरमागे खाली नेला, तर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर इंजिन पाणी पिते. पाणी दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

स्प्रिंग कापून गाडी बसकी करणे हा दुसरा प्रकार. सहा कार्यरत वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे २० टक्के कडक होते. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो. खड्ड्यावर चाक जमिनीला धरून राहत नाही.

टायर बदलताना थोडे गणित करावे. १७५/६५ आर१४ या मापाच्या टायरचा व्यास ५८३ मिलिमीटर भरतो, १९५/५५ आर१५ चा ५९५. फरक दोन टक्के. स्पीडोमीटर ५० दाखवत असेल तेव्हा गाडी ५१ ने धावते. एवढे चालते, त्याहून बरेच मोठे चाक कमानीला घासते आणि ब्रेकवर भार टाकते.

दिव्यांबाबत एक बदल मात्र खरोखर उपयोगी आहे. जुन्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. स्वतंत्र रिले आणि फ्यूज असलेली जाड वायर टाकली, तर मूळ ६०/५५ वॉटचाच बल्ब लख्ख पेटतो. १०० वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात आणि समोरच्याचे डोळे दिपवतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवताना, हेच ठामपणे सांगितले. कायद्याच्या लेखी ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते. व्हॉल्व्हची फट किंवा ब्रेक पॅड त्यात येत नाहीत. इंजिन बदलणे थेट येते. त्याची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यावी लागते. सीएनजीसारखा इंधनबदल मान्यताप्राप्त किट बसवून आणि आरसीवर नोंद करून करता येतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्कश सायलेन्सरसाठी ध्वनिप्रदूषणाचे कलम वेगळे लागते. विम्याचे दुखणे आणखी निराळे. कंपनीला न कळवलेला बदल अपघाताचे कारण ठरला, तर नुकसानभरपाईचा दावा अडकतो.

ई-२० पेट्रोलचे काय?

जुन्या गाड्यांच्या मालकांना सध्या हाच प्रश्न अधिक सतावतो, आणि तो गैरलागू नाही. वीस टक्के इथेनॉलचा विचार २००० मधील रबरी नळ्या, सील आणि पंप घडवताना झालेला नव्हता. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने तेवढ्याच इंधनात मिश्रण पातळ होते. शांतपणे चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही उणीव भरून काढतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर संगणक सेन्सरला न विचारता ठरलेल्या तक्त्यानुसार इंधन सोडतो, म्हणजे नेमक्या ‘व्हीटेक’च्या टप्प्यात इंजिनाला हवे त्याहून पातळ मिश्रण मिळते. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते, त्यामुळे इंधन फिल्टर लवकर तुंबतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, नवा फिल्टर आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे, एवढे घरच्या घरी जमते. इंजेक्टरजवळच्या नळीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता नळी त्याच दिवशी बदलावी.

नूतनीकरणाच्या वेळी काय तपासतात?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००१ मध्ये नोंदलेल्या सिटीची पाळी २०१६ आणि २०२१ नंतर २०२६ मध्ये येते. वीस वर्षांपुढील मोटारींसाठीचे हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले; पर्यावरण कर वेगळा. तपासणीत इंजिन आणि चॅसिस क्रमांक आरसीशी जुळवून पाहतात. दिवे, ब्रेक, पीयूसी पाहतात. कन्व्हर्टर काढून सरळ नळी जोडलेली गाडी इथेच अडकते, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मूळ एक्झॉस्ट ऐन वेळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही मिळेलच असे नाही. म्हणून जाणते मालक गाडीवरून उतरवलेला कंपनीचा एकही भाग भंगारात देत नाहीत. एअर फिल्टरची पेटीसुद्धा माळ्यावर जपून ठेवलेली असते.