‘नॉर्मल’ अहवालामागचा इतिहास

धाप लागते म्हणून गेलेल्या रुग्णाला डॉक्टर स्पायरोमीटरच्या नळीत जोरात फुंकायला सांगतात. फुप्फुसांतून किती हवा किती वेगाने बाहेर पडते, हे त्यावरून कळते. वय, उंची आणि लिंगानुसार अपेक्षित असलेल्या आकड्याशी त्याची तुलना होते. अमेरिकेत मात्र अनेक दशके या हिशेबात वंशही धरला गेला. कृष्णवर्णीयांसाठी अपेक्षित आकडाच साधारण १० ते १५ टक्के कमी ठेवला जाई.

याचे मूळ गुलामगिरीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुलामगिरीचे समर्थक डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी दावा केला, की कृष्णवर्णीयांची फुप्फुसे सुमारे २० टक्क्यांनी कमकुवत असतात आणि सक्तीचे कष्टच त्यांच्या प्रकृतीला मानवतात. धूर, कुपोषण, गरिबी यांचा परिणाम पुढेही शरीराच्या ‘जन्मजात’ दोषाच्या खाती जमा होत राहिला.

याची किंमत रुग्णांनी मोजली. फुप्फुसे बिघडलेली असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येई, आजार सौम्य ठरे आणि उपचार लांबत. अखेर २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश वगळून हिशेब करण्याची शिफारस केली. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तपासणीच्या सूत्रातून तिची खूण पुसायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली.