स्वमग्न मुलाला ऐकू येणारे विरार

संध्याकाळी विरारच्या फलाटावर उतरलेल्या गर्दीत एखादा आठ-नऊ वर्षांचा मुलगा अचानक खाली बसतो, दोन्ही कान गच्च दाबतो आणि किंचाळू लागतो. भोवती माणसे जमतात. ‘लाडावून ठेवलंय’, ‘एक ठेवून द्या, गप्प बसेल’ असे सल्ले आईच्या वाट्याला येतात. कुणी मायेने पाठीवरून हात फिरवायला जातो, तर तो आणखी मोठ्याने ओरडतो. मुलगा स्वमग्न असेल, तर त्या क्षणी त्याच्यावर काय काय आदळत असते, हे जमलेल्यांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असते.

ठाऊक नसणे साहजिक आहे, कारण आपला मेंदू आपल्या नकळत बरेच गाळत असतो. पंख्याची घरघर, मनगटावरचे घड्याळ, बनियनची शिवण हे सुरुवातीला जाणवते आणि मग विसरायला होते. फलाटावर उद्घोषणा, जलद गाडीचा भोंगा, तळणाचा वास, सुक्या मासळीच्या टोपलीचा दर्प, घामेजलेल्या खांद्यांचे धक्के हे सगळे एकदम चालू असते, तरी आपण शेजारच्याशी गप्पा मारतो. अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये ही गाळणी वेगळी चालते. संवेदनांचा जास्त त्रास होणाऱ्या स्वमग्न मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन अभ्यास झाले आहेत. तोच आवाज, तोच स्पर्श पुन्हा पुन्हा दिल्यावर धोक्याची नोंद घेणाऱ्या ‘अमिग्डला’ या भागाचा प्रतिसाद इतर मुलांमध्ये ओसरतो. या मुलांमध्ये तो तितका ओसरत नाही. म्हणजे दहावा भोंगाही पहिल्यासारखाच आदळतो. ‘रोज लोकलने न्या, सवय होईल’ हा सल्ला इथे फसतो.

ही गोष्ट नवी मुळीच नाही. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यात लिफ्ट, वाहते पाणी, गॅसची शेगडी, अगदी वाऱ्याच्या आवाजानेही घाबरणारी मुले आहेत. पण तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज मजेत करते, हेही कॅनर यांनी टिपले. घरी मिक्सर लावला की पळणारा मुलगा दिवसभर ताट बडवतो, यावर आजीला ‘नाटकं करतो’ असेच वाटते. फरक असा, की आपण करत असलेला आवाज केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे मेंदूला आधीच माहीत असते. बाहेरून आलेला आवाज तशी सूचना देत नाही. एवढे जुने निरीक्षण असूनही संवेदनांमधला हा फरक ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत निकष म्हणून आला तो थेट २०१३ मध्ये.

‘स्वमग्न’ या शब्दानेही घोटाळा केला आहे. मूल स्वतःत बुडालेले आहे, बाहेरचे त्याला पोहोचतच नाही, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात बाहेरचे जग फार पोहोचते म्हणूनच पुष्कळदा ते तोंड फिरवते. खेळण्यासाठी मांडलेला हट्ट खेळणे मिळाले की थांबतो, बघणारा कुणी नसला तरी थांबतो. संवेदनांच्या भडिमाराने झालेला उद्रेक असा थांबत नाही. अशा वेळी प्रश्न विचारू नयेत, हात लावू नये, जागा करून द्यावी आणि बघ्यांना हटवावे. आईला विचारून मदत केली तर उत्तम.

याची दुसरी बाजू पालकांनाही चकवते. काही संवेदना कमी पोहोचतात. हाक मारल्यावर वळून न बघणारे मूल बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजाने धावत येते. कुणी सतत गोल फिरते, कुणी गादीखाली दडपून घेते. शरीराला हवी असलेली जाणीव ते मिळवत असते. एकाच मुलात दोन्ही टोके असू शकतात. यात धोका असा, की ताप, भूक, पोटदुखी त्याला स्वतःलाच नीट कळत नाही. बोलू न शकणारे मूल अचानक चिडचिडे झाले, तर ‘ऑटिझममुळेच’ म्हणून सोडून देऊ नये. आधी कान, दात, पोट डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

वसई-विरारमध्ये आवाजाला तोटा नाही. गणपतीचे ढोल, नवरात्रात जीवदानीच्या पायथ्याची गर्दी, नाताळ, लग्नसराईतला ब्रास बँड. सण बंद करा असे कुणीच म्हणत नाही. पण मिरवणूक इमारतीखालून किती वाजता जाणार हे मंडळाने आदल्या दिवशी कळवले, तर ते घर कान झाकणारे हेडफोन काढून तयार राहते, किंवा तासभर किनाऱ्यावर जाऊन येते. सलूनवाल्याने दुपारच्या रिकाम्या वेळी बोलावून मशीनऐवजी कात्री वापरली, तर केस कापणे सुसह्य होते. शाळेत बसायची जागा बदलणे, गणवेशाच्या कॉलरचे लेबल काढणे यालाही खर्च नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. काही स्वमग्न व्यक्तींना ते जाणवते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलागणिक हे शोधून देऊ शकतात. संवेदना ‘बऱ्या’ करून देण्याची हमी देणाऱ्यांपासून मात्र लांब राहिलेले बरे.

प्रवासाचा प्रश्न राहतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबाही असतो. पण ना कुबडी, ना काठी. त्यामुळे ‘धडधाकट तर दिसतोय, याला काय झालंय?’ हा प्रश्न दारातच येतो. म्हणून प्रमाणपत्र पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवून आई चढते. मुलगा खिडकीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसतो, कारण तिकडून तरी कुणाचा धक्का लागत नाही.