पावणेतीन किलोमीटरचा विमानप्रवास

अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दिलेली वेळ २ मिनिटं. प्रत्यक्ष हवेत बहुतेक वेळा दीड मिनिटाच्या आसपास. आणि विक्रम ५३ सेकंदांचा.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांमधली ही विमानसेवा जगातली सर्वांत कमी अंतराची नियमित सेवा आहे. लोगनएअर ती १९६७ पासून चालवते. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. हा अख्खा प्रवास त्या एका धावपट्टीत मावेल.

आता वेगाचा हिशेब. ५३ सेकंदांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर. ९० सेकंद लागले तर हाच वेग ताशी १०८ वर येतो. इथलं ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन इंजिनांचं विमान एरवी ताशी २४० किलोमीटरच्या आसपास उडू शकतं. त्या वेगाने ४० सेकंद पुरायला हवीत. पण तो वेग गाठायला जागाच मिळत नाही. चाकं जमीन सोडतात न सोडतात, तोच उतरायची तयारी सुरू होते.

हवाई बेटांवर उलटं टोक दिसतं. होनोलुलू ते काहुलुई हे अंतर सुमारे १६० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या जेटला १२ मिनिटं लागावीत; वेळापत्रकात मात्र साधारण ४० मिनिटं असतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली येणं आणि पुन्हा फाटकापर्यंत पोचणं हा वेळ अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. परिणामी जेटचाही सरासरी वेग ताशी २४० किलोमीटरच भरतो. जवळच्या बेटांसाठी मोठ्या वेगाचं विमान फारसं कामाचं नाही, ते यामुळेच. थोड्या जागेत उठणारं आणि बसणारं लहान विमान तिथे खरं उपयोगी.

आयलँडरमध्ये प्रवासी जेमतेम आठ. मोटारीसारखं बाजूचं दार उघडून आत शिरायचं. वैमानिक आणि प्रवासी यांच्यात पडदाही नाही. एखाद्याला वैमानिकाच्या शेजारची जागाही मिळते. समोरच्या काचेतून पलीकडच्या बेटावरची धावपट्टी दिसू लागते आणि प्रवास संपतो.

२०११ च्या जनगणनेत वेस्ट्रेची लोकसंख्या ५८८ होती, पापा वेस्ट्रेची अवघी ९०. बोटीने हेच अंतर कापायला सुमारे २५ मिनिटं लागतात, तीही समुद्र शांत असेल तर. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, शाळकरी मुलं या सगळ्यांचा हा रोजचा रस्ता. ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल वेस्ट्रेपासून हवाई मार्गाने सुमारे ४४ किलोमीटर. तिथवर पंधरा मिनिटांत पोचता येतं. केवळ तिकिटांवर एवढ्या थोड्या वस्तीची सेवा टिकत नाही, म्हणून बेटांची परिषद तिला पैसे देते.

हा खर्च योग्यच आहे. नव्वद माणसांच्या गावाला डॉक्टर दोन मिनिटांवर असणं ही चैन म्हणता येणार नाही. पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवर नावाचं दगडी घर उभं आहे, ते पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. इतकी जुनी वस्ती आजही नांदती राहावी, यासाठी ही दोन मिनिटं जपायलाच हवीत.