लो बोनेटची पारख

जुनी जीप बघायला गेलं की विकणारा आधी बोनेट उघडतो, सेल्फ मारतो आणि एका दमात इंजिन चालू करून दाखवतो. तो आवाज कानाला गोड लागतो, पण गाडी अस्सल आहे की नाही याचा त्यातून पत्ता लागत नाही. त्यासाठी पुढच्या बंपरपाशी गुडघे टेकून बसावं लागतं.

जालना जिल्ह्यात या गाडीची ओढ असण्यात नवल नाही. भोकरदन-जाफराबादचे चढउतार असोत की मंठा-परतूरकडची काळी माती, एसटी न पोचणाऱ्या फाट्यांवर जीपनंच माणसं, बियाण्याची पोती आणि वऱ्हाडं वाहिली. काळी-पिवळी म्हणून राबून थकल्यावर तिची वाट भंगाराकडे जायची, आणि जालन्यात भंगार वितळवून सळ्या पाडणाऱ्या भट्ट्या तर दाराशीच. उरल्या थोड्या. त्यामुळे भाव चढला आणि भावामागोमाग नक्कलही आली.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘लो बोनेट’मध्ये. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, विलीज कंपनीनं ‘एमबी’ आणि फोर्डनं ‘जीपीडब्ल्यू’ या नावानं मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या. या त्या मूळ लो बोनेट. आपल्या डोळ्यांत बसलेली महिंद्राची जीप मात्र ‘हाय बोनेट’, सीजे-3बी. तिच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट वर उचलावं लागलं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या-नव्या भागांतून जीप बांधून देण्याचा मोठा धंदा चालतो. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी मानतो. पण तशी बांधलेली गाडी ‘मिल्ट्रीच्या लिलावातली, 1944 ची’ म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा ती सरळ फसवणूक असते.

वरवरच्या खुणा सोप्या आहेत. युद्धातल्या जीपची पुढची काच दोन भागांची, मागे उघडणारा फाळका नाही, स्टिअरिंग मुळात डावीकडे, हेडलाइट जाळीच्या आत बसलेले. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पत्र्याच्या जाळीला नऊ फटी; नागरी सीजेला सात. पण पत्रा नवा ठोकून मिळतो. म्हणून चेसिसकडे यायचं. रेडिएटरखालचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये पालथ्या ‘यू’ आकाराच्या पट्टीचा. फोर्डनं आपल्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ उमटवला होता. गंज खरवडला की तो दिसतो.

आता नंबर. विलीजचा चेसिस नंबर चेसिसच्या डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरमागे रिबिट मारलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा चेसिसच्या डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. थिनरच्या बोळ्यानं रंग काढायचा, कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्यायची. अक्षरांची खोली कमीजास्त निघाली किंवा भोवती ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर बोलणी तिथेच थांबवावीत. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. फोर्डच्या कारखान्यातून इंजिन आणि चेसिस एकाच नंबरानं बाहेर पडत. विलीजचे हे दोन नंबर मुळातच वेगळे असत. तेव्हा ‘विलीज’ म्हणून दाखवलेल्या गाडीचे दोन्ही नंबर तंतोतंत जुळले, तर खूश होण्याऐवजी सावध व्हावं.

आपल्याकडचे कागदही बरंच बोलतात. जालन्याचा एमएच-21 हा नंबर 1989 नंतरचा. त्याआधी तीन अक्षरांचे नंबर असत. जालना जिल्हाच मुळी 1 मे 1981 ला झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा माग बहुधा तेव्हाच्या औरंगाबादेत काढावा लागतो. 1944 ची गाडी आणि आरसीवर एमएच-21, तर मधल्या वर्षांचे नंबर कोणते, परराज्यातून आली असेल तर एनओसी कुठाय, हे विचारायला संकोच कसला? इंजिनाचंही तसंच. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी डिझेल इंजिन बसवलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्याची नोंद आरसीवर हवी.

2021 साली केंद्रानं विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. धंद्यासाठी ती चालवता येत नाही. डिझेल बसवलेल्या पेट्रोल जीपला ही वाट जवळपास बंदच, तेव्हा तिचा भावही त्याच हिशेबानं करावा. मला विचाराल तर मी बनावट विलीजपेक्षा अंबडकडच्या एखाद्या गोठ्यात उभी असलेली, एकाच घरात राहिलेली, पेट्रोल इंजिनाची हाय बोनेट आधी शोधीन. तिचं आरसी पुस्तक बहुधा घरच्या पेटीतच सापडेल, आणि आधीच्या नंबरांचा माग काढत फिरावं लागणार नाही.