रिमिक्सवर संशोधन करायचंय? मग ‘काय बदललं’ ते मोजा

पेटची तयारी करणारे ज्युनिअर्स हल्ली हमखास विचारतात, “ताई, रील्स आणि डबिंगचे व्हिडिओ हा काय पीएच.डी.चा विषय आहे का?” आहे. पण प्रश्न नीट मांडला तरच.

आधी आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण 50 किलोमीटरवर मालेगाव लागतं. यंत्रमागाचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च 50 हजारांच्या आसपास, कलाकार गावातलेच. मूळ ‘शोले’तले (1975) डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावचे सायकलवरून! पुढे त्यांनी सुपरमॅनही केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्याचं शूटिंग दिसतं. तो सुपरमॅन तंबाखूविरुद्ध लढतो.

याला नुसती नक्कल म्हणायचं का? घोड्याच्या जागी सायकल आली तिथे गावाची ऐपत दिसते आणि स्वतःवर हसण्याची ताकदही. तंबाखू आली तिथे गावाचा खरा शत्रू दिसतो. म्हणजे रिमिक्सचा अर्थ बदललेल्या भागात असतो.

अभ्यासकांनी यासाठी शब्द दिलेत. हेन्री जेनकिन्स यांनी 1992 च्या पुस्तकात चाहते मूळ कथेतून हवं ते उचलून आपलं काही कसं घडवतात ते दाखवलं. लॉरेन्स लेसिग यांनी 2008 मध्ये ‘फक्त वाचायची’ आणि ‘वाचून लिहायची’ संस्कृती असा फरक केला. व्याख्या पाठ करू नका, मालेगावला लावून बघा.

आता खरी अडचण. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा (2007 पासून) प्रत्येक नव्या व्हिडिओचा ठसा मूळ मालकांनी दिलेल्या ठशांशी ताडून बघते. जुळला, की मालक तो व्हिडिओ अडवू शकतो, जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो किंवा नुसते आकडे बघत बसू शकतो. मशीनला चाल ओळखू येते, विनोद नाही. चित्र हिंदी सिनेमाचं आणि संवाद अहिराणी असतील, तर नवं काय आहे ते तिला कसं कळणार? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 टीका, समीक्षा, संशोधन यांना सूट देतं. विडंबनाचं नाव तिथे नाही. त्यामुळे शिरपूर-चोपड्याकडच्या पोराची मेहनत एका क्लिकवर अडकू शकते.

माझी चूकही सांगते. विषय अहिराणी डबिंग, आणि मी पडले एम.एस्सी.वाली. पहिले सहा महिने व्ह्यूज, लाइक्स मोजत बसले. छान आलेख निघाले. गाइडनी एकच विचारलं, “यातून अहिराणीबद्दल काय कळलं?” काहीच नाही!

मग पद्धत बदलली. मूळ प्रसंग आणि डबिंग शेजारी ठेवायचे. तक्त्यात चार रकाने: काय ठेवलं, काय बदललं, काय गाळलं, बघणाऱ्यांनी पुढे काय जोडलं. दहा व्हिडिओ पुरेत. तोच तक्ता दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे भरायला सांगा आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने तपासा. जुळलं नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा रकान्यांच्या व्याख्या ढिल्या असतात.

आणि एक. व्हिडिओ सगळ्यांना दिसतो म्हणून तो फुकटचा डेटा होत नाही. बनवणाऱ्याला विचारा, लहान चॅनेलचं नाव झाका, निष्कर्ष त्याला त्याच्या बोलीत सांगा. मी सांगितले, तेव्हा एका मुलाने माझ्या तक्त्यातल्या दोन चुका काढल्या. शब्द त्याचे होते, बरोबर तोच होता.

तर या रविवारी एक व्हिडिओ घ्या आणि चार रकाने भरा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा दुसऱ्या रकान्यात सापडेल.