वार पुढे, वार मागे

गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या अहवालात 'प्लॅसेंटा अँटिरियर, अपर सेगमेंट, ग्रेड वन' अशा धर्तीची एक ओळ असते. आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा उपनगरांत, जेथे शिकल्यासवरल्या कुटुंबांची वाण नाही तेथेही, ती ओळ वाचून एका घरातील वडीलधारी मंडळी 'वार पुढे आहे, म्हणजे मुलगा' असा निर्वाळा देतात, तर शेजारच्या घरात नेमका याच्या उलट निर्वाळा तितक्याच खात्रीने दिला जातो.

दोन्ही निर्वाळे निराधार आहेत. अपत्याचे लिंग शुक्रजंतूबरोबर आलेल्या एक्स वा वाय गुणसूत्राने फलनाच्या क्षणीच निश्चित होते. त्यानंतर सुमारे आठवड्याने तो सूक्ष्म गर्भ गर्भाशयाच्या ज्या भिंतीत रुजतो, तेथे वार वाढू लागते. ती भिंत आईच्या पोटाकडची असली तर 'अँटिरियर', पाठीच्या कण्याकडची असली तर 'पोस्टिरियर'. वार पुढे असली म्हणजे बाळाची हालचाल आईला काहीशी उशिरा व मंद जाणवते, कारण मध्ये वारेची गादी असते. मात्र एकदा नियमित जाणवू लागलेली हालचाल पुढे कमी झाली, तर वारेकडे बोट दाखवून स्वस्थ न बसता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

या अंदाजांमागची उत्कंठा निरुपद्रवी नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. गर्भलिंगपरीक्षेला प्रतिबंध करणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला, आणि त्याचा अंमल कागदावरच राहिला म्हणून सांताक्रूझच्या वाकोल्यातील 'सेहत' या संस्थेने इतरांसमवेत २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आज लिंग सांगणारा जसा गुन्हेगार, तसाच विचारणारा नातेवाईकही. गर्भवतीवर मात्र पतीने वा नातलगांनी सक्ती केली असेच, विरुद्ध पुरावा नसेल तर, न्यायालय गृहीत धरते.

दुसरा घोटाळा दिशा कोठून मोजायची याचा. शरीररचनाशास्त्र माणूस ताठ उभा, मुख समोर, तळहात पुढे वळलेले, अशी एकच स्थिती प्रमाण मानते. त्यामुळे तपासणीच्या टेबलावर उताणी निजलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाची अँटिरियर भिंत छताकडे असली, तरी तिचे नाव बदलत नाही. 'पुढची' बाजू म्हणजे 'पोटाकडची', हे मात्र चार पायांच्या प्राण्यांना लागू नाही: आरे वसाहतीतील म्हशीचे पोट जमिनीकडे आणि तोंड पुढे असते. माणूस दोन पायांवर उभा राहतो, म्हणून त्याचे पोट पुढे येते. डावे-उजवेही रुग्णाचेच धरावयाचे: छातीचा एक्स-रे रुग्ण आपल्यासमोर उभा असल्यासारखा लावतात, म्हणून त्याचे हृदय बहुतांशी आपल्या उजव्या हाताला दिसते, आणि फिल्मच्या कोपऱ्यातील 'आर' वा 'एल' हे अक्षर याचाच दाखला असते.

हृदयविकाराच्या कागदावरील 'इन्फिरिअर वॉल' वाचून झटका दुय्यम दर्जाचा होता, असे समाधान मानणारेही भेटतात. हृदयाची ती खालची, श्वासपटलावर टेकलेली भिंत. तेथील झटक्यात नाडी धोकादायक मंद होऊ शकते, तेव्हा इलाजात यत्किंचितही ढिलाई चालत नाही.

वारेच्या बाबतीत खरी चिंता पुढे-मागेपेक्षा वर-खालीची आहे. वार गर्भाशयाच्या मुखावर आली तर रक्तस्रावाचा धोका असतो व शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागते. पण विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली दिसलेली वार, गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जाईल तशी, बहुतेक वेळा मुखापासून दूर सरकते, म्हणून शेवटच्या तिमाहीत पुन्हा सोनोग्राफी सांगतात. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र 'अँटिरियर' आणि 'लो लाइंग' हे दोन शब्द एकत्र आले, तर वार जुन्या व्रणात खोलवर रुतली नाही ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि तशी शंका असल्यास रक्तपेढीची व अनुभवी शल्यचिकित्सकांची तजवीज असलेल्या रुग्णालयात आगाऊ नाव नोंदवावे.